बाबांची चाळीस पानं

अरे, माझे हात शिवशिवतात ना, त्यापायी परवा या वयात बाबांचा मार खाणार होतो मी!

ब्राउझरमध्ये प्रायोगिक सेटिंग्ज असतात बघ. वर स्पष्ट लिहिलेलं असतं, स्वतःच्या जबाबदारीवर वापरा. मी टॅबची पट्टी वरून काढायचा एक पर्याय चालू केला. ब्राउझर पुन्हा उघडला, तर सगळे टॅब गायब! आमच्या परळच्या चाळीची पुनर्विकासाची सभा त्याच संध्याकाळी होती, आणि तिच्यासाठी बाबांनी पंधरा दिवस शोधून चाळीस पानं उघडी ठेवली होती. बुकमार्क वगैरे त्यांना मान्य नाही.

तेवढ्यात बाबा मागे उभे.

"काय केलंस?"

"काही नाही, नवीन डिझाइन करून बघत होतो."

"माझी पानं कुठायत?"

"बाबा... गेली वाटतं."

त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, चष्मा चढवला आणि माउस स्क्रीनच्या कडेकडेने सावकाश फिरवला. वर काही नाही, उजवीकडे काही नाही. डाव्या कडेला नेला, तशी सर्रकन यादी उघडली. चाळीसच्या चाळीस पानं! माझ्या जिवात जीव आला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं कारकुनी केलीय. नवीन साहेब आला की पहिल्याच दिवशी कपाटं हलवायचा. फाइल कधी हरवली नाही, फक्त दुसऱ्या भिंतीला सापडायची."

मग उठता उठता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चला साहेब, आता कपाट होतं तिथे ठेवा."