काम करत असतील

साईनाथ सर : नाही भावना, 'वर्किंग' नुसतं लटकवता येत नाही. त्याच्या आधी काहीतरी लागतं. इज, वॉज, हॅज बीन. दहावीला मीच शिकवलं होतं तुला.

भावना : तेव्हापण लटकलेलेच मी सर. टाका ना तुम्ही काहीतरी, टिटवाळ्याहून सासूबाईंना घेऊन मुद्दाम आलेय. उद्या अकराच्या आत अर्ज नाही दिला तर माझ्या दिशाची पहिलीची सीट गेली. मुलाखतीला वडील का येणार नाहीत, ते इंग्रजीतच लिहून पाहिजे शाळेला.

साईनाथ सर : म्हणून तर विचारतोय. दिपेश कतारला गेला कधी?

भावना : दोन वर्षं झाली.

साईनाथ सर : मग सोपं आहे. हॅज बीन वर्किंग. तेव्हा सुरू झालं, अजून चालू आहे.

भावना : चालू आहे का, तेच तर... गणपतीनंतर फोन नाही त्यांचा.

साईनाथ सर : कंपनीत विचारलंस?

भावना : भावाने लावलेला. 'वो चला गया' म्हणाले. कुठे विचारलं तर ठेवूनच दिला.

साईनाथ सर : अरेरे. मग वॉज वर्किंग. भूतकाळ.

हौसाबाई : भूत कुनाला म्हनताय मास्तर?

साईनाथ सर : भूत नाही हो हौसाबाई. होता, असं लिहायचं.

हौसाबाई : होता? माझा ल्योक होता?

भावना : आई, कामाला होते असं म्हणतायत सर.

हौसाबाई : आज होता लिवाल, उद्या फोटोला हार घालाल. खोडा आधी त्ये.

साईनाथ सर : खोडलं. बरं, भावना, तू मराठीत सांग. दिपेश सध्या काय करतो?

भावना : काम करत असतील.

(सर पेन उघडतात, पुन्हा टोपण लावतात.)

भावना : काय झालं सर?

साईनाथ सर : हे इंग्रजीत जात नाही. म्हणजे जातं. 'विल बी वर्किंग'. पण शाळेतल्या बाई वाचतील, की पुढे कधीतरी कामाला लागणार आहे. 'मस्ट बी' लिहिलं तर म्हणतील, याला कामाला लावलंच पाहिजे.

हौसाबाई : त्ये काय खोटं न्हाय.

भावना : आपल्याला माहीतच नसतं, तेव्हाचा काळ कुठला असतो सर?

साईनाथ सर : बारा काळ आहेत. छत्तीस वर्षं शिकवले. त्यात तो नाही.

भावना : मग माझ्यासारखीने काय लिहायचं?

साईनाथ सर : घे पेन, सिंपल प्रेझेंट लिही. 'वर्क्स'. नेहमीच करतो, अशा अर्थानं. सूर्य पूर्वेला उगवतो, तसं.

भावना : आणि हे खरं धरतात?

साईनाथ सर : सगळ्यात खरं हेच धरतात.

हौसाबाई : उगवतो म्हनाले ना? मग लिव बाई.

भावना : लिहिलं. सर, खाली वडिलांच्या मोबाईलचा रकाना आहे. भरू?

साईनाथ सर : लागतो का तो नंबर?

भावना : नाही लागत. मी लावते रोज.

साईनाथ सर : हां. हे बरोबर आहे.

भावना : काय?

साईनाथ सर : 'लावते.' हे पक्कं सिंपल प्रेझेंट.