साडेचार किलोंची पाठपिशवी

कुणाला सांगितलं तर थाप म्हणतील, पण बसच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांचा बारा दिवसांचा डोंगरप्रवास साडेचार किलोंच्या पाठपिशवीत मावला होता. त्यांना निरोप द्यायला धाकटी बहीण आली होती.

“दादा, ब्रशचा दांडा कापलास?”

“तीन ग्रॅम वाचले.”

“आणि शर्टाची बटणं?”

“एकाआड एक ठेवलीत.”

“आता नखंही घरी ठेवून जा!”

“ती सकाळीच कापली.”

“हसू नकोस. गेल्या वेळी खिंडीत धाप लागून निळा पडला होतास. दम्याचा पंप घेतलास ना?”

“घेतला गं.”

“दाखव.”

“वरच्या कप्प्यात आहे. बस आली बघ.”

“वरचा कप्पा तू काल माझ्याच कात्रीने कापून टाकलास, दादा!”