मुंबई ते रियाध, साडेचार तास

आदरणीय अध्यक्ष त्रिंबकराव सरपंच, सत्कारमूर्ती आणि पोरांना सौदीत नोकरीला पाठवणाऱ्या ट्रॅव्हल्सचे मालक दिलावरसेठ, व्यासपीठावरील मान्यवर, उद्या रियाधला निघालेली आपल्या चौसाळ्याची मुलं, आणि मागं सतरंजीवर बसलेल्या त्यांच्या आया, सर्वांना शाईस्ताचा सलाम आणि नमस्कार.

सेठनी मला आग्रहानं बोलावलं. म्हणाले, "मॅडम, तुमचा जावेद इथून गेलेला पहिला. पोरांना दोन शब्द धीराचे सांगा." सांगते.

माझा भाऊ जावेद एसी दुरुस्त करायचा. तो निघाला तेव्हा आमची अम्मी, रहेमतबी, दारातच बसून रडायला लागली. दिलावरसेठ तिच्याजवळ उकिडवे बसले. "खाला, कावून रडता? मुंबईहून रियाध साडेचार तास. आपल्या एसटीला मुंबई गाठायला याच्या दुप्पट लागतात. सकाळी फोन केला तर पोरगं रात्री तुमच्या ताटाशी!" अम्मीनं डोळे पुसले. तिला ते पटलं. मी शिकलेली, मलाही पटलं. हिशेब चुकीचा होता का? मुळीच नाही. विमान तेवढ्याच वेळात पोचतं.

दुसऱ्या वर्षी अम्मीला अर्धांगवायू झाला. बीडचे डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवून घ्या. मी फोन केला. जावेद म्हणाला, "आपा, इथला मालक पासपोर्ट देत न्हाई. त्याच्या मर्जीबिगर मला विमानतळाच्या आत बी घेत न्हाईत." मी सेठना फोन लावला. सेठ म्हणाले, "बोलतो." दुसऱ्या दिवशीही म्हणाले, "बोलतो." सेठ आजही फार छान बोलले, आपण ऐकलंच.

अम्मीची वाचा जायला लागली होती. गल्लीत रिक्षा थांबली की तेवढं विचारायची, "जावेद आया क्या?" मी म्हणायची, "निघालाय." शुक्रवारी ती गेली. जनाजा दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजापर्यंत थांबवला. कशासाठी, ते कुणी बोललं नाही. दफन जावेदनं फोनवर पाहिलं. मध्येच रेंज गेली.

तो परतला पुढच्या रमजाननंतर. कब्रस्तानात गवत कमरेइतकं वाढलेलं. माझा भाऊ फाटकातच थांबला आणि म्हणाला, "आपा, आपली कुठली?"

बाळांनो, जाऊ नका असं मी म्हणत नाही. इथं काय आहे, ते मलाही दिसतं. पण अंतर विमान ठरवत नाही...

काय म्हणालात, कडूबाई? मोठ्यानं विचारा.

मागं ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगते. कडूबाईंनी, उद्या निघालेल्या सत्यमच्या आईनं, विचारलं, "सेठ, माझ्या लेकराचा पासपोर्ट कुणापाशी हाय?" आणि सेठ म्हणाले, "माझ्यापाशी. कपाटात. जपून ठेवलाय."

संयोजकांनी बोलू दिलं, ऋणी आहे. मंगल प्रसंगी बोलू नये ते तोंडून गेलं असेल, तर वडीलधाऱ्यांनी पदरात घ्यावं. मी थांबते. कडूबाई, तुम्ही मात्र खाली बसू नका.