ज्यानं कणीक आणली, त्याचं ऐकायचं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मोहल्ला मंडळाचे प्रमुख माननीय सी तय्यब, व्यासपीठावर बसलेल्या आणि दर महिन्याला न चुकता मला सुई टोचणाऱ्या डॉक्टर नवाल, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते माझे उस्ताद मालेम अल्लाल, पहिल्या रांगेत आधीच रुमाल काढून बसलेली माझी आई, आणि जैतूनगल्लीतल्या तमाम काका, मावश्या, भावंडांनो, सर्वांना माझा सलाम.

माझा हात थरथरतोय, तो तुम्हाला दिसतोय. घाबरू नका. तो गोळ्यांमुळे रोजच थरथरतो, आज त्यात आनंदाची भर आहे. सी तय्यब मघाशी कानात म्हणाले, "जवाद, बसून बोललास तरी चालेल." अध्यक्षमहोदय, मी चौदा वर्षं भट्टीसमोर उभा आहे, पंधरा मिनिटं माणसांसमोरही उभा राहीन. शिवाय आज मला बसवणारच नाही. काल रात्रीपासून मी घरात येरझाऱ्या घालतोय आणि आई विचारतेय, "गोळी घेतलीस ना रे?" घेतली गं. माणसाला नुसता आनंदही होऊ शकतो की नाही?

मालेम अल्लाल यांनी आपल्या सफ्रू गावात एकेचाळीस वर्षं ही भट्टी चालवली. घराघरातून सकाळी पाट येतात, पाटावर फडक्याखाली कच्चे पाव असतात. शंभर घरांचे पाव एका आगीत जातात आणि ज्याचा पाव त्याच्या घरी परत जातो. ओळखू यावा म्हणून कुणी कडेला चिमटा काढतं, कुणी मधोमध काट्याने टोचतं, कुणी काहीच करत नाही आणि वर म्हणतं, "माझा ओळखू येत नाही का?" कुठल्या घरी काल भांडण झालं, ते कणकेवरून कळतं. काळजी करू नका, नावं घेत नाही.

आता या कामावर माझ्यासारखा माणूस आला कसा? एकविसाव्या वर्षी मला आवाज ऐकू यायला लागले. समोर माणूस नाही, पण बोलणं स्पष्ट, आणि बोलणं सगळं वाईट. डॉक्टरांनी नाव सांगितलं स्किझोफ्रेनिया. गल्लीने मात्र स्वतःची नावं आधीच ठेवली होती. अर्ध्या गल्लीच्या मते मला जिन लागला होता. उरलेल्या अर्ध्या गल्लीच्या मते माझ्यावर अल्लाची खास मर्जी होती. पहिली मंडळी मला पाहून रस्ता बदलायची. दुसरी मंडळी वाटेत अडवून विचारायची, "जवाद बेटा, सुनेला मुलगा होईल की मुलगी?" मी दोनदा अंदाजाने सांगितलं आणि दोन्ही वेळा चुकलो, तेव्हा कुठे ती गर्दी ओसरली. पण दोन्हीकडच्या लोकांत एक गोष्ट सारखी होती. माझ्याबद्दल विचारायचं झालं की माझ्यासमोरच आईला विचारायचे, "आता कसा आहे तो?" मी तिथेच उभा असायचो. आईच्या हातातली पिशवी असल्यासारखा.

एके दिवशी मालेमनी मला दारातून हाक मारली. "ए, रिकामा आहेस ना? लाकडं आत आण." बस्स, एवढीच माझी मुलाखत. तिसऱ्या दिवशी मी पाव आत सारायची लांब दांड्याची फळी हातातून टाकून दिली आणि कोपऱ्यात जाऊन बसलो. मालेमनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "आगीतून कुणीतरी बोलतंय. म्हणतंय, तू घाण आहेस, पावाला हात लावू नकोस." मला वाटलं, आता एकतर हे हाकलतील, नाहीतर कुणा बाबाला बोलावतील. मालेमनी फळीवरचा कोळसा झटकला आणि म्हणाले, "त्याने कणीक आणलीय का?"

मी म्हटलं, "कुणी?"

"जो बोलतोय त्याने. नाही ना आणली? मग बोलू दे. इथे ज्यानं कणीक आणली, त्याचं ऐकायचं. ऊठ, हमिदांचा पाव करपतोय."

डॉक्टर नवाल, तुमच्या औषधाचा अपमान नाही. आवाज तुमच्या औषधाने बारीक केले, हे शंभर टक्के खरं. पण जे उरले त्यांच्याशी वागायचं कसं, ते मला या माणसाने शिकवलं, आणि त्यांना धड सहीसुद्धा करता येत नाही.

आता ज्या गोष्टीवर सगळे गप्प आहेत, तिच्यावर येतो. दोन वर्षांपूर्वी मला छान वाटत होतं, म्हणून मी गोळ्या बंद केल्या, सुईही चुकवली. कुणाला विचारलं नाही. महिनाभरात आवाज परत आले आणि यावेळी म्हणायला लागले की कणकेत विष आहे, तू गल्लीला वाचव. त्या दिवशी भट्टीत, इथे समोर बसलेल्या लल्ला गीता यांच्या मुलीच्या लग्नाचे चाळीस पाव होते. मी ते सगळे रस्त्यावर फेकले आणि दारात फळी घेऊन उभा राहिलो. मी कुणाला मारलं नाही, पण लोक घाबरले आणि त्यांचं घाबरणं बरोबर होतं. लल्ला गीता पावांकडे बघत नुसत्या उभ्या होत्या. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. तो आजार होता, पण पाव माझ्याच हातांनी फेकले. माफी मी तेव्हा मागितली होती, आज सगळ्यांसमोर पुन्हा मागतो.

मला तीन आठवडे इस्पितळात ठेवलं. त्या तीन आठवड्यांत गल्लीत काय झालं, आठवतंय? पाव बदलले! बडीशेप न सोसणाऱ्या सी तय्यब यांच्या घरी नेमके बडीशेपेचे पाव गेले, अध्यक्षमहोदय तीन दिवस शिंकत होते. ज्या जावा-जावांचं बोलणं बंद होतं, त्यांना एकमेकींचे पाव खावे लागले. सगळे म्हणाले, "जवादने जाता जाता भट्टीला जिन लावला." मग एक बाबा आले, त्यांनी भट्टीत धूप जाळला आणि दक्षिणा म्हणून दोन पाव नेले. तेसुद्धा तिसऱ्याच कुणाचे तरी होते.

मी परत आलो तेव्हा लल्ला गीता भट्टीच्या दारात उभ्या राहून मालेमना म्हणाल्या, "माझ्या पाटाला याने हात लावायचा नाही. पाव तुम्ही घालायचे, तुम्हीच काढायचे. कबूल असेल तर पाठवते." मालेम म्हणाले, "कबूल." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचे पाव बिनचूक घरी जायला लागले.

मंडळी, आज सकाळी मालेमनी मला बोलावून सांगितलं, "आज सांगून टाक. माझे डोळे गेलेत, अब्रू नाही गेलेली." तेव्हा सांगतो. मालेम गुडघ्यांमुळे निवृत्त होतायत असं तुम्हाला सांगितलंय, ते खरं नाही. तीन वर्षांपासून त्यांना पाटावरचं काही दिसत नाही. चिमटा कुठला, टोचा कुठला, काही नाही. तीन वर्षं तुमचे सगळ्यांचे पाव मी ओळखतोय, मी घालतोय, मी काढतोय. ते तीन आठवडे भट्टीत जिन नव्हता, फक्त मी नव्हतो.

आणि लल्ला गीता, तुमचेही. तुम्ही घातलेली अट आम्ही दोघांनी रोज मोडली. ही फसवणूक होती आणि मी...

उठू नका, लल्ला. रागावून जाऊ नका, माझं एवढं... काय म्हणालात? अहो, मागच्यांना ऐकू येत नाही. सी तय्यब, जरा तो माईक त्यांच्याकडे... नको? बरं, मीच सांगतो. लल्ला गीता म्हणतात, "मला काय खुळी समजलास? तीन आठवडे चुकीचा पाव, तू आलास आणि दुसऱ्या दिवशी बरोबर. दोन वर्षं माहीत आहे मला."

लल्ला, मग तुम्ही ती अट का ठेवलीत?

त्या म्हणतात, "रागावले होते. रागवायचं पण नाही का? माझ्या मुलीचं लग्न होतं."

रागवायचं. जरूर रागवायचं. हसा मंडळी, मीही हसतोय, आणि आईचा रुमाल अखेर कामी आला.

मग एकच विचारतो, कारण ते विचारल्याशिवाय मला आज झोप लागणार नाही. उद्या सकाळपासून भट्टीत मालेम नसतील, मी एकटा असेन. आज पहाटेच आवाज म्हणत होता, उद्या एकही पाट येणार नाही. मी त्याला विचारलं, तू कणीक आणलीस का? तो कुठली आणतोय! पण कणीक आणणारी माणसं तुम्ही आहात. लल्ला गीता, उद्या पाट पाठवाल?

...ऐकलंत? त्या म्हणाल्या, "पाठवीन. आणि करपला तर बघ, तुझी खैर नाही."

मंडळी, या मंडळाने मला आज शाल दिली, हार घातला, त्याबद्दल मी ऋणी आहे. पण माझा खरा सत्कार आत्ता झाला. चौदा वर्षांत कुणीही मला असा दम दिला नव्हता. पाव करपला की लोक मान हलवून आईला सांगायचे, "बिचारा, पुन्हा सुरू झालं वाटतं." मालेमच्या हातून एकेचाळीस वर्षांत हजार पाव करपले असतील. त्यांना तुम्ही शिव्या दिल्यात, आजारी कधी म्हटलं नाहीत. माझी तेवढीच मागणी आहे. मी गोळी घेईन, सुई घेईन, कधी बिघडलोच तर डॉक्टरांना आधी सांगेन, तुम्हालाही सांगेन. पण पाव करपला तर तो करपला म्हणा, आणि मला म्हणा, तोंडावर म्हणा.

अध्यक्षमहोदय, पुदिन्याचा चहा निवतोय, म्हणून थांबतो. मालेम, तुमचे आभार मानायला गेलो तर तुम्ही म्हणाल, लाकडं आत आण. तेव्हा आणतोच. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर पदरात घ्या. आणि माफ करवत नसेल, तर उद्या सकाळी पाट घेऊन भट्टीवर भांडायला या. सहा वाजता दार उघडतो.