सहा रविवारांचं प्रमाणपत्र

प्रशिक्षण संपलं होतं. प्रमाणपत्रांच्या रांगेत माझ्यापुढे संगीताचे दोन शिक्षक होते, पिकल्या केसांच्या बाई आणि एक नवे सर.

"बाई, सहा रविवार गेले, पण एकदाही कुणी गायलं नाही हो."

"गाणार कधी? विषय केवढा मोठा, 'संगीतशिक्षकाने समाजात मिसळावे'!"

"रविवारी तुमचा गल्लीतल्या लोकांचा गाण्याचा वर्ग असायचा ना?"

"नऊ वर्षं. इथली हजेरी सक्तीची, म्हणून सोडला."

"म्हणजे बंद पडला?"

"मलाही तसंच वाटलं. शेवटच्या रविवारी आपल्याला बाहेरचा एखादा गाणारा गट बघायला पाठवलं, तेव्हा मी माझ्या त्या वर्गातच जाऊन मागे बसले. माझ्याकडेच शिकलेल्या शिवणवाल्या काकू टाळ्यांनी ताल धरत होत्या, लय नुसती पळत होती. आणि खोलीत पाय ठेवायला जागा नाही! माझ्या वेळी मोजून आठ जण यायचे."

"मग तुम्ही टोकलं असेल."

"तोंड उघडलं, तोच काकू म्हणाल्या, 'बसा बाई निवांत. आता इथं कुणी चुका काढत नाही.'"

"मग त्या भेटीच्या अहवालात काय लिहिलंत?"

"जे पाहिलं तेच. पैकीच्या पैकी मिळाले."

"अरे वा!"

"खाली शेरा आहे, पुढच्या वर्षी या प्रशिक्षणात शिकवायला त्या काकूंना बोलवा."