मांजरीसाठी दुसरी सही

मुलुंडच्या प्राण्यांच्या खाण्याच्या दुकानात मी चिमण्यांसाठी राळे घ्यायला थांबले होते. माझ्यापुढे एक आजोबा शेल्टरमधली मांजर दत्तक घ्यायचा फॉर्म भरत होते. सोबत शेजारीण आली होती.

काउंटरवरची शेल्टरची मुलगी फॉर्म बघून म्हणाली, “काका, तुमचं वय अठ्ठ्याहत्तर. आणखी एक सही लागेल.”

“कोणाची?”

“तुमच्यानंतर हिला जे सांभाळतील त्यांची.”

“मुलगा कॅनडात. इथे मला दुसरं कोण आहे?”

“मग नाही देता येणार, काका. सॉरी.”

“राहू दे. चला, शकुवहिनी.”

“थांबा हो, जयवंतभाऊ! मी काय मेले?”

“तुम्हाला मांजरं आवडत नाहीत ना?”

“नाहीच आवडत. पोरी, पेन दे. आणि लिही त्यात, सोमवारी माझ्याकडे मासे शिजत नाहीत.”