चार नंबरचे काका आणि माझी परीक्षा

...आणि वर मलाच विचारतात, 'काय रे, अभ्यास का झाला नाही?' अहो, कधी करू? तुम्हीच सांगा ना! मी डॉक्टरीच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. विद्यार्थी बरं का, हमाल नव्हे! पण सकाळी वॉर्डात पाऊल ठेवतो न ठेवतो, तोच आमच्या रेसिडेंट मॅडम हातात रक्ताच्या बाटल्यांचा ट्रे कोंबतात. 'हे लॅबला दे, येताना रिपोर्ट आण, आणि जाताजाता सहा नंबरच्या पेशंटला सोनोग्राफीला सोड!' मी नुसता 'पण मॅडम...' म्हटलं, की ठरलेलं उत्तर... 'अरे, शिकायला मिळतं ना!'

काय शिकायला मिळतं? लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकते ते? ट्रॉलीचं कुठलं चाक कुरकुरतं ते? लेक्चरला बसलो की मान आपोआप खाली. सर ओरडतात, 'इथे झोपा काढायला येता का?' हो सर! दुसरीकडे वेळच कुठे मिळतो?

तुम्हाला सांगतो, वॉर्डात पूर्वी एक मामा होते. खाटा ढकलायचे, सिलिंडर आणायचे. त्यांची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. रिकामी कसली, मी होतो ना! मॅडमना जुनी सवय, त्या आपल्या 'मामा!' म्हणून हाक मारायच्या, कुणी यायचं नाही, मग मीच धावायचो. आई म्हणते, 'घरी नावाने चार हाका मारल्या तरी ओ देत नाहीस.' तिला काय सांगू, की बाई, तुझ्या मुलाचं नाव बदललंय?

त्यात आमचे चार नंबरच्या खाटेवरचे काका. हृदयाचा आजार, मुक्काम लांबलेला. काकांच्या डाव्या हाताची शीर दगा देते, उजव्या हाताची सापडते, सुई टोचताना नातीचं कौतुक केलं की काका हूं की चूं करत नाहीत... सगळं मला तोंडपाठ! फक्त काकांचं हृदय तेवढं ऐकायचं राहिलं होतं. म्हणजे स्टेथोस्कोप कानाला लावला, की मागून हाक आलीच म्हणून समजा!

आली परीक्षा. पेशंट तपासायचा, काय सापडलं ते परीक्षकांना सांगायचं, आणि नाही सांगता आलं तर पुन्हा सहा महिने. कुठला पेशंट, त्याची चिठ्ठी उचलायची. चिठ्ठी उघडली... चार नंबर! देव पावला! काका तर माझ्याहून खूश. 'या डॉक्टर, या! आपलाच पेपर आहे!'

काकांनी शर्टाची बटणं उघडली, मी स्टेथोस्कोप कानात घातला, आता छातीवर टेकवणार... टेकवणार... तेवढ्यात दारातून मॅडम, 'मामा! चार नंबर, एक्स-रे!'

आता तुम्ही म्हणाल, तुझा काय संबंध? अहो, काहीच नाही! नवे मामा आदल्याच दिवशी रुजू झाले होते, हाक त्यांना होती! पण हे माझ्या पायांना कोण सांगणार? स्टेथोस्कोप गळ्यात, खाटेचा ब्रेक सुटला, आणि मी निघालो! परीक्षा, परीक्षक, मी कोण, काही म्हणजे काही आठवलं नाही. लिफ्टपाशी पोचल्यावर काका हळूच म्हणतात, 'डॉक्टर... आज तुमची परीक्षा होती ना?'

अरे देवा! खाट वळवावी तर मागे ट्रॉल्यांची रांग, पुढे लिफ्टमन, 'आत घ्या, आत घ्या, वाट अडवू नका!' गेलो खाली. एक्स-रेवाले म्हणाले, 'आता आणलंच आहे तर काढून घ्या.' घेतला काढून!

परत येतो तर खाटेच्या रिकाम्या जागेपाशी परीक्षक उभे, शेजारी आमचे मोठे सर.

'पेशंट कुठे होता?'

'सर, एक्स-रेला.'

'कुणी नेला?'

'मी.'

'का?'

आता काय सांगू? तोंडातून निघून गेलं, 'सर... शिकायला मिळतं.'

'असं? मग हृदयात काय ऐकू आलं, ते सांग.'

मी गळ्यातला स्टेथोस्कोप चाचपला. काकांनाच राहवेना. 'साहेब, माझी झडप गळते म्हणतात. आणि पोरगं गुणी आहे हो, एका टोचणीत रक्त काढतं!'

'ते ठीक आहे,' परीक्षक म्हणाले, 'पण हृदय कोण ऐकणार?'

नापास!

वर मोठे सर काय म्हणाले माहितीये? 'पेशंटला तू पुरेसा वेळ देत नाहीस. आता सहा महिने याच वॉर्डात काढ. शिकायला मिळेल!' पुरेसा वेळ! अहो, मी फक्त अंथरूण तेवढं आणायचं बाकी ठेवलंय तिथे!

काल काकांना घरी सोडलं. जाण्याआधी त्यांनीच मला जवळ बोलावलं, शर्ट वर केला आणि म्हणाले, 'ऐका आता निवांत. कुणी हाक मारली तर मी बघतो.' ऐकलं. लब... डब... आणि मध्ये तो फुस्स् असा आवाज, अगदी पुस्तकात लिहिलाय तस्सा! खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

आणि दारातून मॅडम, 'अरे, काकांची व्हीलचेअर गेटपर्यंत कोण नेणार?'

नेली. दुसरं काय करणार? गेटपाशी काका उठले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, 'मी सुटलो डॉक्टर. तुम्हाला कधी सोडणार?'